रेडिएटर कुठे बसवावा

नेव्हिल ट्रेस्कॉटच्या निळ्या गाडीत दोन जाळीदार चौकोन होते आणि दोघांनाही पुढच्याच रांगेत बसायचं होतं.

पहिला रेडिएटर. इंजिनातलं तापलेलं पाणी तो वाऱ्यावर धरून गार करतो. दुसरा इंटरकूलर. टर्बो नावाचा पंखा हवा दाबून इंजिनात कोंबतो; दाबली की हवा तापते, आणि तापलेली हवा कामाला आळशी. तिला गार करून पुढे धाडायचं काम या इंटरकूलरचं. दोघांचंही पोट वाऱ्यावर, आणि वारा येतो फक्त समोरून. कीर्तनाला उशिरा पोचणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पुढे बसलेल्याचा फेटा मोठा असला की मागच्याला बुवा दिसत नाहीत, नुसते टाळ ऐकू येतात.

गाडीचा मूळचा इंटरकूलर लहान होता आणि इंजिनाच्या डोक्यावर कोणाच्या अध्यात ना मध्यात पडून असायचा. दोन वर्षांपूर्वी, टोळ आले त्या वसंतात, नेव्हिलने तो काढला, चौपट मोठा आणला आणि थेट रेडिएटरच्या पुढ्यात बसवला. का, ते विचारू नये. पोर्ट पिरीत पन्नाशीला आलेला माणूस एकतर बोट घेतो नाहीतर गाडी उघडतो, आणि नेव्हिलला समुद्र लागतो. तेव्हापासून गाडी सपाटीवर आनंदाने धावे आणि चढ लागला की तापे.

तिने हे एकांतात केलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण गेल्या जानेवारीत जर्माईनच्या घाटात, अगदी मधल्या वळणावर, तिने बॉनेटखालून वाफ सोडली, आणि त्याच वेळी मागून मर्व्ह नॉस्के आला. मर्व्ह म्हणजे नेव्हिलचा होणारा व्याही. घाटावर त्याची मेंढ्यांची शेती. त्याची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, नेव्हिलच्या मुलीहून वयाने मोठी. हौद्यात अकरा मेंढ्या होत्या. त्या सगळ्या नेव्हिलकडे बघत होत्या.

"तापली का रे?" मर्व्हने विचारलं.

"जरा विसावा देतोय."

"पाणी देऊ?"

"आहे माझ्याकडे."

नव्हतं. मर्व्हने मेंढ्यांच्या पाण्याचा डबा काढून दिला. नेव्हिलने तो घेतला. माणसाने आयुष्यात काय काय घेतलं ते विसरावं म्हटलं तरी असे डबे विसरले जात नाहीत.

आता त्या मुलीचं, टॅमसिनचं, मर्व्हच्या मुलाशी लग्न ठरलं. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, म्हणजे इकडे उन्हाळ्याचं तोंड, दुपारी तीन, घाटापलीकडे मेलरोजचं दगडी चर्च. रविवारच्या जेवणाला दोन्ही घरं बसली होती. टॅमसिन बटाटे वाढता वाढता म्हणाली, "डॅड, मला चर्चला तूच न्यायचंस. निळ्या गाडीतून."

"मध्ये घाट आहे," नेव्हिलची बायको ग्लेनिस म्हणाली.

"माहितीय. मी गाडी शिकले ती त्याच घाटात, त्याच गाडीत. दुसऱ्या गाडीत बसून गेले तर मला आपलं लग्न आहे असं वाटणारच नाही."

नेव्हिलने काटा-चमचा खाली ठेवला. मुलीने बापाकडे मागावं असं या वयात फार थोडं उरतं. मर्व्हने मात्र हात पुसले आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "काही काळजी करू नकोस, नेव्ह. नाही जमलं तर माझी यूट आहेच. हौदा धुऊन घेतो."

हे वाक्य नेव्हिलने त्या रात्री कितीदा ऐकलं ते देवाला ठाऊक. तो चर्चच्या गानवृंदात खर्जात गातो, आणि काळजी असली की झोपेतही सूर धरतो. ग्लेनिसने शेवटी उशीवरून विचारलं, "कुठलं पद चाललंय?"

"गाडी घाटात तापता कामा नये."

"नाही तापणार. आणि ऐक, माझं शेडनेट सापडलं का तुला? काळं, हिरव्या काठाचं. अर्धं टोमॅटोवर आहे, उरलेलं अर्धं दोन वर्षं शोधतेय. यंदा उन्हाने सगळे टोमॅटो करपणार."

"ग्लेनिस, मी इथे लग्नाचं बोलतोय."

"मी टोमॅटोचं बोलतेय. दोन्ही नोव्हेंबरातच आहेत."

नेव्हिल नोकरीने परवानेवाला. गावात कोणाला पडवी काढायची, शेड उभारायची, तर नकाशा त्याच्या टेबलावरून जातो, आणि बहुतेक वेळा परत येतो. उंची वीतभर जास्त, पन्हळीचा उतार दाखवलेला नाही, उत्तर दिशेचा बाण नाही. बाणाच्या बाबतीत तो विशेष कडक. त्यामुळे गावात त्याला मान होता, आणि त्याची गाडी बिघडली की लोकांना जरा बरंही वाटे. सल्ला द्यायला सगळे पायी चालत येत.

सर्वांत जवळून येई तो कोराडो. कुंपणापलीकडचा शेजारी, जन्मभर मासेमारी केलेला, आता निवृत्त. निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या पडवीत उलटा क्रेट टाकून बसायला परवाना लागत नाही. जाळी विणणारा हात असल्यामुळे तो कोणाचं काय फाटलं, सुटलं, लोंबलं ते न विचारता बांधून देई. माणूस लाख मोलाचा. फक्त त्याची प्रत्येक गोष्ट बोटीवर येऊन थांबे.

"बोटीला हा त्रास नाही," कोराडो म्हणाला. "खाली पाणीच पाणी."

"ही बोट नाही, कोराडो."

"तेच तर चुकलं तुझं. ठीक आहे. तुझा तो मोठा डबा रेडिएटरच्या तोंडासमोर बसलाय. त्याला खाली सरकव. पोटाशी. म्हणजे रेडिएटरला वारा."

सल्ला चुकीचा नव्हता. या कथेत चुकीचा सल्ला कोणीच दिला नाही, आणि तीच तिची अडचण आहे.

दोन शनिवार खर्ची पडले. बंपर खालून कापला, इंटरकूलर हातभर खाली लटकवला. रेडिएटरचं काळं, धुळकट तोंड जाळीतून स्वच्छ दिसू लागलं. कोराडोने वाकून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. रविवारी नेव्हिल गाडी घेऊन गावातल्या चर्चला गेला. चर्चच्या फाटकात एक उंचवटा आहे, मुलांनी सायकली हळू चालवाव्यात म्हणून. तो करायला परवानगी नेव्हिलनेच दिली होती, आणि उंची त्यानेच मोजून घेतली होती. इंटरकूलर त्यावर असा बसला की मागच्या चार गाड्या रस्त्यावर थांबल्या. गानवृंद बाहेर आला, सहा जणांनी गाडी उचलली. पाद्रीबाईंनी प्रवचनात त्या दिवशी नम्रतेचा विषय घेतला. आधीच ठरलेला होता म्हणतात.

संध्याकाळी नेव्हिलने घाटात फेरी मारून पाहिली. मधल्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेघेला.

कोराडो म्हणाला, "मग डबा पुढून काढच. वर जाऊ दे, जुन्या जागी."

वर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर. पण हा डबा चौपट. बॉनेट मिटेना. बॉनेटला भोक पाडलं आणि वर पत्र्याचं नाकाड बसवलं, पुढून वारा गिळायला. नाकाड मोठं झालं. कोराडोने ते जहाजाच्या डेकवरच्या वाकड्या हवानळ्यासारखं बनवलं होतं, आणि त्याच्या हातून लहान वस्तू होत नाहीत. चालकाच्या जागेवरून पाहिलं तर डावीकडचा अर्धा रस्ता नाकाडामागे गेला.

"बायबलात म्हटलंय ना, श्रद्धेने चालावं, नजरेने नाही," ग्लेनिस म्हणाली. "पण ते पायी चालण्याबद्दल असावं."

या कामात आणखी एक आठवडा गेला. पुढच्या सोमवारी नेव्हिल कचेरीच्या दारात गाडी लावत असताना एक तरुण पोलीस जवळ आला. अतिशय सभ्य मुलगा. त्याने आत बसून रस्ता पाहिला, उतरला, नाकाडावर पट्टी धरली.

"सर, उंची जास्त आहे."

"किती?"

"वीतभर."

कचेरीच्या खिडक्यांत माणसं होती. पडव्या परत गेलेली माणसं. पोलिसाने काचेवर पिवळा स्टिकर चिकटवला: गाडी सदोष, तपासणी झाल्याशिवाय रस्त्यावर आणू नये. नेव्हिल सरळ उभा राहून पाहत होता, कारण नियमापुढे कसं उभं राहायचं हे तो लोकांना बावीस वर्षं सांगत आला होता. पण घरी जाताना, पायी, त्याला पहिल्यांदा वाटलं की नियम समोरून येतो तेव्हा जरा मोठाच दिसतो.

आणि सगळ्यात वाईट बातमी सांगायची राहिली. आदल्या दिवशी घाटात फेरी झाली होती. इंटरकूलर वर, रेडिएटरपुढे चिटपाखरू नाही, तरी मधल्या वळणावर काटा लाल. इथे कोणालाही शंका यायला हवी होती. ज्याच्यावर दोन वर्षं आरोप होता तो जागेवरच नव्हता आणि चोरी मात्र झाली होती. पण माणूस एकदा एखाद्याला दोषी ठरवून बसला की निर्दोष सुटका व्हायला फार वेळ लागतो. नेव्हिलने उलट निष्कर्ष काढला: दोष इंटरकूलरचा नसेल तर रेडिएटरची जागाच वाईट.

गाडी ओढून व्हिब्लीच्या गॅरेजात नेली. डेल व्हिब्ली तरुणपणी सरळ रेषेतल्या शर्यतीत गाड्या पळवायचा, आणि त्याचं अजून सगळ्याला तेच उत्तर असे.

"मागे टाक," तो म्हणाला.

"काय?"

"रेडिएटर. डिकीत. आम्ही असंच करायचो. पाण्याचे नळ गाडीच्या पोटाखालून मागे, डिकीत दोन पंखे, डिकीच्या झाकणाला गवाक्षं. इंटरकूलर पुन्हा पुढे, राजासारखा. दोघांना दोन खोल्या. भांडण संपलं."

"नवा रेडिएटर लागेल का?"

"छे. हा उत्तम आहे. एक थेंब गळत नाही."

रेडिएटर निघाला. त्याच्या तोंडावर एक काळी जाळी तिपदरी घडी घालून चहूकडून दोऱ्याने शिवल्यासारखी बांधलेली होती, वर दोन वर्षांची धूळ आणि कुसळं. व्हिब्लीने ती पाहिली. त्याला वाटलं, मालक परवानेवाला आहे, गाळून घेतल्याशिवाय वारासुद्धा आत घेत नसणार. विचारणं अपमानाचं होईल. त्याने जाळीसकट रेडिएटर डिकीत बसवला. चार दिवसांनी नेव्हिलने डिकी उघडली, जाळी पाहिली आणि म्हणाला, "व्हिब्लीचं काम नीटनेटकं असतं. बघ, सामान लागू नये म्हणून जाळीसुद्धा बांधलीय."

सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न ग्लेनिसने विचारला, पण डिकीजवळ न येता, टोमॅटोच्या वाफ्यातूनच. तिच्या टोपीखाली ऊन येत होतं.

पिवळा स्टिकर काढायचा तर मान्यताप्राप्त तपासनीसाचं प्रमाणपत्र हवं. अख्ख्या भागात तपासनीस एकच: इन्ग्रिड हेझे. नेव्हिलला नाव ओळखीचं वाटलं. तिच्या अंगणात पोचल्यावर, एका अर्धवट उभ्या शेडच्या सांगाड्याकडे बघताना, त्याला का ते आठवलं.

"या, मिस्टर ट्रेस्कॉट," इन्ग्रिड म्हणाली. गावात कोणी कोणाला मिस्टर म्हणत नाही. "बदल काय काय केलेत?"

त्याने सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"नकाशा?"

त्याने नकाशा दिला. सुबक, प्रमाणात काढलेला, नळ निळ्या शाईने.

"उत्तर दिशेचा बाण कुठे आहे?"

नेव्हिल म्हणाला, "गाडीला उत्तर दिशा नसते."

"माझ्या शेडबद्दल मलाही तसंच वाटलं होतं," इन्ग्रिड म्हणाली.

तो परत गेला. बाण काढून आणला. मग डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये पत्र्याची भिंत हवी होती, उकळतं पाणी माणसांवर येऊ नये म्हणून, ती झाली. मग भिंतीचा नकाशा. इन्ग्रिड सूड घेत होती असं म्हणता येणार नाही. तिचं एकही कलम खोटं नव्हतं. तिसऱ्या खेपेला नेव्हिलच तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "तुझ्या शेडच्या पन्हळीचा उतार दाखवून कागद सोमवारी माझ्याकडे दे. मी बसून बघतो."

"ते वेगळं आणि हे वेगळं, नेव्हिल."

"वेगळंच आहे. म्हणून इथे उभं राहून सांगतोय."

इन्ग्रिडने चहा केला. मग गाडी सुरू करून गार सकाळी अंगणात अर्धा तास उभी ठेवली. काटा मध्यावर स्थिर. तिने डिकी तपासली, जाळी बोटाने ओढून पाहिली, गाठी पाहिल्या. असल्या गाठी सरकारी कामात दिसत नाहीत. प्रमाणपत्रात तिने एकेक बाब लिहिली, आणि त्यात लिहिलं: रेडिएटरची संरक्षक जाळी, समाधानकारक.

घाटात फेरी मारायला वेळ उरला नव्हता. लग्न परवावर आलं होतं.

शनिवारी दुपारी पारा एक्केचाळीसवर होता. टॅमसिन मागच्या सीटवर, तिचा झगा दोन्ही दारांपर्यंत पसरलेला, त्याच्या कडेला जागा करून ग्लेनिस. कोराडो आपल्या गाडीने आधीच पुढे गेला होता. नेव्हिलने कोट चढवला होता, हातमोजेसुद्धा. मुलीने आरशातून पाहिलं.

"डॅड, मोजे कशाला?"

"प्रसंग आहे."

"घाम येतोय तुला."

"तो आतून येतोय."

सपाटीवर गाडी अशी गेली की नेव्हिलच्या तोंडून आपोआप पद निघालं. ग्लेनिसने दुसरा सूर धरला, टॅमसिनने चाल उचलली. तिघं गात होते, डिकीत दोन पंखे साथीला. पत्र्याच्या भिंतीतून ऊब येत होती. पोर्ट जर्माईनला वळण घेतलं आणि घाट सुरू झाला.

पहिल्या वळणावर काटा मध्यावर. दुसऱ्यावर किंचित वर. नेव्हिलचं गाणं थांबलं. मागच्या दोघी थोडा वेळ गात राहिल्या, मग त्यांचंही थांबलं. खर्ज गेला की बाकीच्यांना कळतं. मधल्या वळणावर काटा लाल रेघेला टेकला आणि नेव्हिलने गाडी कडेला घेतली.

खाली कोरडा ओढा, वर लाल कडे, माशा. नेव्हिल उतरून उभा राहिला. त्याने हातमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले. हे करताना तो मुलीकडे बघत नव्हता.

घड्याळात अडीच. वरून धूळ उडताना दिसली. मर्व्ह यूट घेऊन खाली आला होता, बघून यावं म्हणून. हौदा धुतलेला होता. त्यात स्वच्छ चादर अंथरली होती आणि, हे नेव्हिलला जास्त लागलं, फुलं लावली होती.

"तापली का रे?" मर्व्हने विचारलं. आवाजात काही नव्हतं, टोमणा तर नव्हताच.

"हो," नेव्हिल म्हणाला.

"माझ्याकडे डबा आहे पाण्याचा. पण वरच्या चढाला पुन्हा तापेल. चल टॅमसिन, पुढे बैस माझ्याशेजारी, हौद्यात नको. पंधरा मिनिटांत पोचवतो."

टॅमसिनने बापाकडे पाहिलं. "डॅड?"

नेव्हिलने तोंड उघडलं. जा म्हणायचं होतं. शब्द सोपा आहे, एक अक्षर, पण ते निघेना.

तेवढ्यात मागून ग्लेनिसचा आवाज आला. ती सावलीसाठी छत्री शोधायला डिकीशी गेली होती. छत्री तिथे असणं शक्य नव्हतं, तिथे रेडिएटर होता. पण बाई जन्मभर छत्री डिकीतच शोधत आली होती.

"नेव्ह."

"आत्ता नको, ग्लेनिस."

"नेव्ह, हे माझं शेडनेट आहे."

तो गेला. तिने धुळीवरून अंगठा फिरवला होता आणि तिथे हिरवा काठ उजळला होता. बाई काठ ओळखण्यात चुकत नाही. तिने घडीचे पदर मोजले. एक, दोन, तीन.

मर्व्हही वाकून बघायला आला. बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर नवल उमटलं. "ही टोळांची जाळी आहे, ते रेडिएटरात अडकू नयेत म्हणून बांधतात ती. टोळ येऊन दोन वर्षं झाली. काढली नाहीस?"

"मी बांधलीच नव्हती," नेव्हिल म्हणाला. आणि गाठीकडे बघता बघता त्याला तो रविवार आठवला. टोळ आले त्या वसंतात, गाडी पडवीत पुढून उघडी ठेवून ते पायी चर्चला जाऊन परतले होते आणि कोराडो कुंपणावरून म्हणाला होता, तुझ्या गाडीचं बघून ठेवलंय रे. आणि नेव्हिलने कसलं ते न विचारता, आभार म्हणून मान हलवली होती.

"तीन पदर," मर्व्ह म्हणाला. "यातून वारा काय, विनंतीसुद्धा जाणार नाही."

गाठी सुटेनात. जाळ्यांवर जन्म काढलेल्या माणसाच्या गाठी त्या. ग्लेनिसने पर्समधून नखांची कात्री काढली. टॅमसिन झगा दोन्ही हातांनी उचलून उतरली, आईच्या हातून कात्री घेतली आणि पहिल्या दोऱ्याला लावली.

"थांब," नेव्हिल म्हणाला.

सगळे थांबले.

"ती जाळी प्रमाणपत्रात आहे. समाधानकारक म्हणून. ती काढली तर गाडी प्रमाणपत्राप्रमाणे राहत नाही. पुन्हा तपासणी लागेल. कायद्याने आपण इथून..."

तो बोलता बोलता थांबला. मुलगी पांढऱ्या झग्यात, रस्त्याच्या कडेला, हातात नखांची कात्री घेऊन उभी होती. ती घाई करत नव्हती. बाप काय म्हणतो ते ऐकायला थांबली होती, लहानपणी रस्ता ओलांडताना थांबायची तशीच.

"काप," नेव्हिल म्हणाला.

तिने कापलं. मर्व्हने डब्यातलं पाणी घातलं. या वेळी नेव्हिलने डब्याचा तळ धरला. मग उरलेला चढ निळी गाडी चढली, मागून यूट फुलांसकट. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. मागून टॅमसिन म्हणाली, "डॅड, पद अर्धं राहिलंय." नेव्हिलने खर्ज धरला.

मेलरोजला पोचले तेव्हा चर्चच्या उघड्या खिडक्यांतून गाणं रस्त्यापर्यंत येत होतं. गावाहून लग्न लावायला आलेल्या पाद्रीबाईंनी वाट पाहणाऱ्या मंडळींना नुसतं बसवून ठेवलं नव्हतं. एकामागून एक पदं घेत त्यांनी सगळं चर्च तापवलं होतं, आणि मागच्या बाकावरची मंडळी, जी एरवी फक्त ओठ हलवतात, तीही आता छाती भरून गात होती. मुरलेला बुवा पाहुणा येईपर्यंत अभंग असाच लांबवतो, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की हा उशीर होता. टॅमसिन बापाच्या हातात हात घालून त्या सुरातच आत गेली. नेव्हिलच्या उजव्या हाताला धुळीचा काळा पट्टा होता. फोटोत तो दिसतो.

बाहेर आल्यावर कोराडो डिकीशी उभा होता. त्याच्या हातात कापलेल्या दोऱ्याचे तुकडे होते.

"कोणी कापलं हे?"

"कोराडो, तू टोळांसाठी बांधलं होतंस. काढलं का नाहीस?"

"गाडी तुझी. मला वाटलं आवडलं म्हणून ठेवलंयस," कोराडो म्हणाला. त्याने तुकडे खिशात टाकले. "गाठी सोडवता आल्या असत्या. मला विचारायचं."

नवं जोडपं निळी गाडी घेऊन निघालं, कारण टॅमसिनला तीच हवी होती. डिकीत रेडिएटर, म्हणून त्यांच्या बॅगा मागच्या सीटवर, आणि कागदांचं काय ते सोमवारी इन्ग्रिडकडे बघायचं ठरलं. त्यामुळे नेव्हिल आणि ग्लेनिस परत निघाले ते मर्व्हच्या यूटमधून, पुढे तिघं दाटीवाटीने. ग्लेनिसच्या मांडीवर शेडनेटची घडी होती.

उन्हं कलली होती. घाटाच्या तोंडाशी मर्व्हने यूट थांबवली, उतरला, पुढच्या जाळीवरचे दोन आकडे काढले आणि एक मळकं कापड झटकून सीटमागे टाकलं.

"काय केलंस?" नेव्हिलने विचारलं.

"टोळांची जाळी. पलीकडे बूलरू गावाला आलेत म्हणतात. संध्याकाळी ते खाली बसतात. मग काढायची."

यूट उतरू लागली. नेव्हिल बराच वेळ तापमानाच्या काट्याकडे बघत होता. काटा हलत नव्हता. बहुधा तो बरीच वर्षं हलला नसावा.

"मर्व्ह, तुझ्या गाडीचा रेडिएटर कुठे आहे?"

मर्व्हने जरा विचार केला, प्रश्नात काही खोच आहे का म्हणून.

"पुढे," तो म्हणाला. "होता तिथेच."

ग्लेनिसने मांडीवरची शेडनेटची घडी उलगडून काठ तपासला, आणि उद्या सकाळी ऊन चढायच्या आत दोन्ही तुकडे जोडायचे म्हणाली. नेव्हिल म्हणाला, मी धरतो एक टोक.